माझा कॉम्प्युटर बंद होणार नाही

तीर्थस्वरूप अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे उभ्यानेच घातला आहे, वाकून घातलेला समजून घ्यावा.) तुझं पत्र पोचलं. खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं, पण पुढच्या चार ओळींत तू माझी जी बिनपाण्याची हजामत केली आहेस, तिच्यावरून खोकला पार गेलेलाच दिसतोय. घरात इंटरनेटची वायर एक, कॉम्प्युटर दोन, बायकोचा शिवणाचा वर्ग माझ्यापायी बुडायला आला, तेव्हा मी माझा कॉम्प्युटर मुकाट्याने बंद करावा, असा तुझा हुकूम. (हे तुला आमच्या लेकीने कळवलं, हे मी ओळखलं आहे. तिलाही वेगळं पत्र जाईल.) अक्का, तू मोठी आहेस, मला कडेवर घेऊन फिरलीस, माझं शेंबडं नाक पुसलंस, सगळं मान्य. पण कॉम्प्युटर बंद होणार नाही. त्रिवार नाही!

अगं, चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व उघडले आणि बंद केले. एका पाइपावर दोन गल्ल्या कशा जगवायच्या, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. तरी तो इंटरनेटवाला आला, बाहेरच्या खोलीत एक डबी ठोकली, त्यातून एक वायर हिच्या टेबलाकडे आणि एक आतल्या खोलीत माझ्याकडे ओढली, आणि दोघं एकदम वापरा, काही होत नाही, असं सांगून मोटरसायकलला किक मारून गेला. काही होत नाही म्हणे! दुसऱ्याच दिवशी ही अकरा बायकांना कॉलर शिकवत होती आणि कॉलरीत घालायचा कडक कॅनव्हास म्हणता म्हणता हिचं तोंड अर्धं उघडं राहून चित्र थिजलं. बायकांना वाटलं, मास्तरीणबाईंना काही झालं. (मी त्या वेळी आत जुन्या पंपांचे व्हिडिओ पाहत होतो. तीन, एकदम. पण तो मुद्दा नाही.)

मुद्दा दाबाचा होता. पाणी असो की इंटरनेट, उंचावर दाब कमीच लागणार, हे उघड आहे. म्हणून मी हिचा कॉम्प्युटर टेबलावरून उतरवून पाटावर ठेवला. त्यामुळे बायकांना कात्री दिसायची बंद झाली आणि हिची हनुवटी व छताचा पंखा तेवढा दिसायला लागला, हे खरं. पण पंखा अगदी स्वच्छ दिसायचा, हे कुणी सांगत नाही. मग मी वेळापत्रक लावलं. दहा ते अकरा हिची पाळी, अकरा ते बारा माझी. अकराच्या ठोक्याला मी हिची वायर डबीतून उपसायचो. हिची बाही अर्धी जोडून व्हायची, पण खात्यात कुणाची बादली अर्धी भरली म्हणून व्हॉल्व थांबत नाही. शेवटी लक्षात आलं, की हिच्या टेबलामागे वायरीचं हे एवढं मोठं वेटोळं उगाच पडलं आहे, आणि पाइप जितका लांब तितका दाब मरतो. मी कात्री घेतली आणि जादा वायर कापली.

चार दिवस हिच्या कॉम्प्युटरवर काही म्हणजे काहीच आलं नाही. इंटरनेटवाला परत आला, कापलेली टोकं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, नवी वायर जोडली आणि गाडीवर बसल्या बसल्या आमच्या लेकीला फोन केला, जोडणी तिच्याच नावावर आहे. (तुझ्यापर्यंत बातमी अशी पोचली.) कात्रीसुद्धा हिची शिवणाची होती, तिची धार गेली, आणि हिचं खरं दुःख ते आहे असं माझं मत. मी चुकलो असेन, नाही म्हणत नाही. पण चुकला म्हणून माणसाने हत्यारं खाली ठेवायची? माझीही कामं आहेत. कोणती ते विचारू नकोस. मेव्हण्यांना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुझा धाकटा भाऊ,
व्हॉल्वमन (निवृत्त, शरणागत नव्हे)

ता. क. पत्र मिटणार होतो, पण तुझ्यापासून लपवलं की माझं पोट दुखतं. आमच्या खात्यात रीत होती: व्हॉल्व उघडला की ओळीतल्या शेवटच्या घरी जाऊन नळ सोडून बघायचा. तिथे धार आली तर काम झालं. त्याच रीतीने मी आतल्या खोलीतून हिच्या वर्गात शिरलो, 'कोपऱ्यावरच्या मावशी' या नावाने, कॅमेरा बंद ठेवून, प्रश्न टाइप करून. चित्र पोचतं का, एवढंच बघायचं होतं. पण बघता बघता बायका गळाल्या. त्या चार दिवसांतच सात गेल्या, मग उरलेल्या चार. तीन आठवडे झाले, वर्गात एकच विद्यार्थिनी आहे, ती मी. परवा जेवताना ही म्हणाली, त्या मावशी येतात तोवर वर्ग चालवीन, त्या सुटल्या की कॉम्प्युटर झाकून ठेवीन. आता सांग, कसा बंद करू? वर्ग मीच बुडवला, अक्का. जिवाला फार लागलं आहे.

ता. क. २. तर मागणं असं, की तूच वर्गात ये. मंगळवार आणि शुक्रवार, दहा वाजता. सुनेलाही ओढ. मला एकट्याला हा वर्ग पेलत नाही, खिसा तीनदा उसवला. हिला मात्र यातलं अक्षर कळू देऊ नकोस. पत्र पोस्टात टाकायला हिच्याकडेच देतो आहे, पण पाकीट पक्कं चिकटवलं आहे.

वन्सं, नमस्कार. हे पुढचं मी लिहिते आहे. पाकीट इस्त्रीच्या वाफेवर उघडलं, क्षमा असावी. यांना कमी ऐकू येतं, म्हणून आतल्या खोलीतून माझाच आवाज माझ्यामागून दुप्पट मोठ्याने येतो. मावशी कोण, हे पहिल्याच दिवशी कळलं. अडतीस वर्षांच्या संसारात मी बोलते आहे आणि हे तासभर मध्ये तोंड न घालता ऐकताहेत, असं पहिल्यांदा घडतं आहे. शुक्रवारी विचारलं, मावशी, कळलं का? तर यांनी टाइप केलं, नाही, परत सांगा. मी परत सांगितलं. तेव्हा पाया पडते, तुम्ही वर्गात येऊ नका. दुसरी बाई आली की हे निर्धास्त होऊन उठून जातील.