टेबलाखालची चिठ्ठी

आदरणीय मोठ्या बाई,

माझं टेबल पुन्हा डुगडुगतंय. आज दुपारी सातवीच्या सत्तावीस वह्यांनी माझा चहा प्यायला. तुम्ही मुख्याध्यापिका असताना गणिताच्या शिक्षकावर असा अन्याय झाला नसता.

कारण मात्र मीच. तुम्ही घालून दिलेली पद्धत अजून चालू आहे. शाळा सुरू होताना प्रत्येक शिक्षकानं मुलांसमोर डब्यातून एका मुलाच्या नावाची चिठ्ठी काढायची आणि वर्षभर रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायची. यंदा मला सातवीतली लवंगी मिळाली, तोंडाळ पोरगी. चिठ्ठीची घडी मी टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. प्रार्थना एकदाही केली नाही.

आज सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. बारा वाजले तरी काही कळेना. ऑफिसातला फोन वाजला की सगळ्या वर्गांतले खडू थांबत. तिची मैत्रीण माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, ती घाबरली नाही. म्हणाली, गणिताचे सर गृहपाठ सोडत नाहीत, ते प्रार्थना कशाला सोडतील?"

मैत्रीण वर्गाबाहेर पडल्यावर मी गुडघे टेकले, ते चिठ्ठी ओढून काढायला. तेवढ्यात शिपाईमामा दारात. "सर, लवंगी शुद्धीवर आली. नर्सशी भांडतेय."

म्हणजे देवानं माझ्यावाचून आपला शब्द पाळला. माझा राहिला होता.

हे पत्र धाडणार नाही; तुम्ही लाल शाईनं तपासून परत पाठवाल. मामा गेल्यावर दार लोटलं, होतो तिथेच गुडघ्यांवर राहिलो आणि शाळेच्या पहिल्या दिवसाची राहिलेली प्रार्थना केली. उद्या दुसऱ्या दिवसाची.

तुमचाच,
गणिताचा मास्तर