शेगडीपाशी कोण

सोम. ६ ऑक्टो.
भाऊ, आमचे मालक, आज खुशीत. वसतिगृहाच्या जेवणाचं सरकारी कंत्राट परत आपल्याच कंपनीला मिळतंय. पण नवी अट आलीय. जात-धर्म बघून कामं देत नाही असं मालकाने जाहीर करायचं, कोण काय काम करतं ते लिहायचं, खाली कामगारांच्या सह्या. भाऊंनी लगेच फलक करून आणला, ‘येथे भेदभाव केला जात नाही’. लावला कुठे, तर मागच्या पडवीत, मी भाजी चिरते तिथे, बरोब्बर डोक्यावर. हसून हसून पोट दुखलं.

मंगळ. ७
माझ्या नावापुढे ‘वरकाम’ लिहिलंय. चिरणं, निवडणं, भांडी. खोटं नाही. शेगडीपाशी पावस गावची काकू, तिथे ‘आपल्यातली’ लागते. आम्ही बौद्ध. काकू वाईट नाही, माझ्या पोरीला आठवणीने फणसपोळी आणते. फक्त आत ये म्हणत नाही.
भाऊंना म्हटलं, सही करते, पण आधी आमटी मला करू द्या.  म्हणाले, “काकू रुसून गेली तर?”
म्हटलं, मी आहे की.

बुध. ८
मुंबईहून यांचा फोन. “कशाला वाकड्यात शिरतेस? कर सही नि मोकळी हो.” राग आला. माझ्या हातची आमटी ओरपताना बरं वाटतं यांना.
आमटी मी करणार, हे भाऊंनी काकूच्या कानावर घातलं. तिने पदर खोचला नि घरी गेली. उद्या येते की नाही कोण जाणे. मला झोप येत नाहीये.

शुक्र. १०
केली आमटी. तुरीची, आमसूल घालून. फोडणी झक्क बसली. मुलांनी भात परत परत मागितला.
काकू आली होती. दाराशी बसून तांदूळ निवडत होती, माझ्याकडे न बघता. ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही, डबा घरून आणते. मी भांडी घासायला मागे गेले. परत आले तर म्हणाली, “मीठ कमी पडलाय गो.”
मीठ अगदी बरोबर होतं. पण असं म्हणायला चाखावी तर लागली. इतकं बरं वाटलं.
संध्याकाळी भाऊ कागद घेऊन हजर. म्हटलं, एका दिवसाच्या आमटीवर कशी सही करू? शेगडी माझ्याकडे राहू दे, मग बघते. कुरकुरले. नाही म्हणाले नाहीत, हो पण नाही.