पायथ्याची जागा

सोमवार
पोचले बाई एकदाची. नातीने जिन्यातच गळ्यात पडून रडायला घेतलं. म्हटलं, आधी पिशवी धर, मग रड. खोली झकास आहे, भरपूर उजेडाची. पोरीच्या डोळ्यांखाली मात्र काजळ सांडल्यागत झालंय. रुग्णवाहिकेच्या फोनवर रात्रपाळी करते, दिवसा झोप नाही. परवा गाडीला भलताच पत्ता सांगितला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोप सुधारली नाही तर डोकंही ठिकाणावर राहणार नाही. रोजची झोप लिहून ठेवा. ते काम माझ्या गळ्यात. चौथी शिकलेय, जमेल तसं लिहीन.

मंगळवार
खिडकीला जाड चादर ठोकली. मोबाइल पिठाच्या डब्यात. चहा बंद. तरी पोरगी टक्क जागी. म्हणे, डोळा लागला की पायथ्याशी कुणीतरी येऊन बसतं आणि हळूहळू उशीकडे सरकतं. म्हटलं, मग जागा रिकामी ठेवतेस कशाला? मीच तिथे बसले, तळपायांना तेल चोळलं. दुपार कलेपर्यंत घोरली. बापावर गेलीय.

गुरुवार
आजही झोपली. कामावरून हसत आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजींच्या हाताला गुण आहे. गुण कसला, बूड जड आहे माझं.
एक राहिलं. तेल चोळताना माझ्या शेजारची गादी खचली. बाहेर लख्ख ऊन, पोरं खेळत होती. वळून बघितलं तर कुणी नाही. खळगा होता.

शनिवार
नात कामावर गेली की मी आडवी होते. आता तो मेला माझ्या पायथ्याशी येतो. डोळा लागू देत नाही. ठेवणीतल्या शिव्या घातल्या. ढिम्म.
आज दुपारी पाय चोळता चोळता मला डुलकी लागली. पोरगी झोपेत कण्हली. बघते तर खळगा तिच्या गुडघ्याशी. मी जागी झाले तसा थांबला. मागे गेला नाही.

रविवार
तिला सांगितलं नाही. सांगितलं तर झोपेल कशी? खोली बदलून उपयोग नाही, ह्याच्यापायीच तर पोरीने आधीची खोली सोडली, तिथूनच मागे आलाय. डोळे लाल का, विचारत होती. म्हटलं, कांदा चिरला.
पुन्हा डुलकी. आता कंबरेशी—

पुन्हा सोमवार
मिरची चावली. चिमटे काढले. खांद्याशी आलाय— उठवू? उठवलं तर पुन्हा तीच गत, पुन्हा चुकीचा पत्ता, कुणाचा तरी जीव— किती दिवसांनी अशी झोपलीय, तोंड उघडं टाकून—
लिहीत राहिलं की डोळे उघडे राहतात. काहीही लिहायचं. भिंत पांढरी. तेल संपलं. हिच्या डाव्या पायाला तीळ आहे— उशी हलली— नाही, मी बघतेय, मी जागी आहे. मी जागी आहे. मी जागी