शेडमागची माती

रविवार, संध्याकाळ, मुलुंड

ती डबी अजून डोळ्यासमोरून हलत नाही. आईने मागितली म्हणून अंटार्क्टिकाहून निघताना घाईत चिमूटभर माती उचलली, नियम मोडून, मोज्यात लपवून. तीही आमच्या तळावरच्या जनरेटरच्या शेडमागची! आईने ती डबीत घालून थेट देवघरात ठेवली. "जंय माणसाचो पाय पडूक नाय, ती माती देवाचीच."

पाय माझाच पडलाय गं. जुन्या बॅटऱ्या तिथे मीच टाकल्या होत्या. बोटीवर चढवू म्हणत वर्ष गेलं, थंडीने त्या फुटल्या. परवा तिथे माती तपासणाऱ्या मॅडमचा फोन आला, शेडमागच्या मातीत शिसं निघालंय. बॅटऱ्या कुणाच्या? मी म्हटलं, आधीच्या टीमच्या असतील. आणि डबी तशीच देवघरात राहू दिली. का? काय सांगणार होतो आईला?

आज आरतीनंतर आईने डबीत बोट बुडवून माझ्या लेकीच्या कपाळावर टिळा लावला. मी ओरडलोच. पोर रडायला लागली. तिचं कपाळ धुतलं, आईचं बोट धुतलं. आई म्हणाली, "अरे, झाला काय?"

"तिकडची मातीच खराब आहे," म्हटलं.

आधी टीमवर ढकललं, आज मातीवर.