विटेपलीकडचा प्रश्न

३ ऑक्टोबर २०२१, मुऐदर, दोहा
प्रवास सुखाचा झाला. खोली स्वच्छ आहे आणि खिडकीतून विश्वचषकासाठी उभारल्या जाणाऱ्या इमारतींच्या क्रेन दिसतात. सरळ रेषा दिसल्या की मला बरे वाटते. इलियानाबाईंनी आपल्या वडिलांचे चरित्र लिहायला मला मुद्दाम पुण्याहून त्यांच्या इथल्या घरी बोलावले आहे. तिबेरिउ वालेनू हे रुमानियाचे मंत्री. साम्यवादी राजवटीने त्यांना तुरुंगात संपवले, पण त्यांच्या तोंडून एकाही सहकाऱ्याचे नाव काढता आले नाही. मदतीला नाशिकची नमिता आहे. तिचे मराठी निम्मे इंग्रजी. चालायचेच.

८ ऑक्टोबर
वालेनूंच्या कोठडीतली एक वीट बाईंनी अभ्यासिकेच्या भिंतीत बसवून घेतली आहे. कैदी भिंतीवर ठोके देऊन बोलत. प्रत्येक अक्षराचे ठोके ठरलेले. बाईंनी ते आम्हांला टेबलावर शिकवले आणि वडिलांचा नियमही सांगितला : पलीकडून कोणी नाव विचारले तर गप्प राहायचे. खरा कैदी नाव विचारत नाही. विचारतो तो तुरुंगाधिकाऱ्यांचा हस्तक.
नमिता शेवटच्या अक्षराआधी हमखास अडखळते. तरी बाई म्हणाल्या, हिच्या बोटांत माझे बाबा आहेत. माझ्या ठोक्यांत एकही चूक नव्हती. त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

१७ ऑक्टोबर
बाईंनी चहाच्या वेळी जाहीर केले की प्रस्तावना नमिता लिहील आणि मुखपृष्ठावर दोघींची नावे येतील. माझा चेहरा पाहून नमिता हसली. म्हणाली, ताई, टेन्शन नका घेऊ, तुमचं नाव मोठ्या टाइपात टाकू. यल्ला, चला, करक चहा गार होतोय. तिच्या कपात चहा मी ओतला. मी, जिचा प्रबंध परीक्षकांनी एका दुरुस्तीविना स्वीकारला होता.

२४ ऑक्टोबर
दुपारी अभ्यासिकेत एकटीच होते. विटेतून ठोके आले. माझ्यासाठी! नमितासाठी नव्हे.
कोण आहे, असे विचारले. मी पूर्ण नाव सांगितले, ‘डॉक्टर’सकट. नियम आठवला होता; पण नियम अननुभवी लोकांसाठी असतात. वालेनूंसारखा माणूस योग्य चरित्रकाराची ओळख करून घेणारच.
मग विचारले, घरात आणखी कोण?
मी एकच नाव दिले. निर्दोष दिले.

२५ ऑक्टोबर
नमिता कुठेच नाही. चपला दाराशी, फोन उशीजवळ, कपात अर्धा चहा. बाईंचा मुलगा पोलिसांकडे गेला आहे. विटेशी कोणी बोलले का, असे बाईंनी मला विचारले. नाही म्हणाले. त्या माझ्या नखांकडे पाहत राहिल्या. नखांत लाल भुगा होता—

२७ ऑक्टोबर
वीट बोलतेच आहे. आणखी कोण? आणखी कोण? उशी लावली, कपाट सरकवले. वालेनूंनी इतकी वर्षे मार खाल्ला, एक नाव दिले नाही. मला तर कोणी बोटही— फक्त विचारले होते—

२८ ऑक्टोबर
ठोके बदलले. आता प्रश्न नाही, उत्तर आहे. पलीकडे तिलाही तेच विचारले असणार.
बोटे ओळखीची. माझे नाव. ‘डॉक्टर’ वगळले आहे—
दाराची कडी आतून लागत नाही.
शेवटचे अक्षर राहिले. ती अडखळली आहे. अशीच अडखळून राहा, नमिता, अजून थोडा वेळ, अजून—