हँडलवरचा बिल्ला

इंदूर, मंगळवार, दिवेलागण

मिनू, तारीख टाकलीस ना? काल विसरलीस. अक्षरं तुझ्या आजीला येत नाहीत आणि विसरभोळी तू! बदाम खा. लिही आता.

मिल बंद करायची म्हणून मालक राजीनाम्यावर सह्या मागतोय. तुझा बाप आणि त्याचे तिघे दोस्त, चौघांनी खजरान्याच्या गणपतीसमोर शपथ घेतली होती, सही कोणीच करायची नाही. आज पाळीवरून येताना रोजच्यासारखे सायकली भिंतीला टेकवून ओट्यावर चहाला बसले.

"भिया, आपल्यातल्याच कोणी तरी सही केली म्हणे," कैलास म्हणाला.

"करणाऱ्याला मिलचा बिल्ला जमा करावा लागतो. लपेल थोडंच!" रमेश हसला.

"अरे, कोण करेल यार?" माझा सुधाकर म्हणाला. सगळ्यांत मोठ्यानं.

कोणी वळून सायकली पाहिल्या नाहीत. मी सुधाकरची पाहिली. अठरा वर्षं त्याचा पितळी बिल्ला हँडलला खुळखुळत यायचा, त्या आवाजावर मी चहाचं आधण ठेवायची. आज तो दारात आला तरी चूल रिकामी. वाटलं, कान गेले माझे. कान शाबूत आहेत, बाई. हँडल रिकामं होतं.

मित्रांसमोर मी नुसते कप भरले. पण मला तरी सांगायचं होतंस रे, सुधाकर! मी काय कुणाला वाचून दाखवणार होते?

हात थांबवू नकोस मिनू, बाप तुझा असला तरी. आणि आईला सांग, उद्या तिघांच्या घरी दाल-बाफले पाठवायचे, तूप सढळ. डबे सुधाकरच नेईल, त्याच रिकाम्या हँडलच्या सायकलवरून.