सुभद्रेच्या नावाचा नारळ

लालबाग,
भाद्रपद सरत आला, १९९१

प्रिय गुणाजी,

गणपती करून चाळीतला रघु गावाहून परतला. आमसुलं, कुळीथ आणि तुझा निरोप, तिन्ही त्याने माझ्यापुढे ओट्यावर ठेवली. आमसुलं झकास आहेत. कुळीथ थोडा किडका निघाला, पण चालेल. निरोप मात्र मला अजिबात चालणार नाही. तुझ्या मीराला परळच्या हॉस्पिटलात नर्सिंगला जागा मिळाली, आणि तिचा बाप म्हणतो, "आमच्या घरातली बाय एकटी मुंबईक कधी गेली नाय. आजो आधी गेलो, मगे आजयेक घेऊन गेलो. आमची रीत तीच." रघुने तुझा आवाज काढून हे सांगितलं म्हणून आधी हसू आलं. मग राग आला. राग आला की मी भांडत नाही, कामाला लागते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तू रीत म्हणालास, तर ती रीत आली कुठून ते बघायला मी निघाले. पितृपक्षही चालूच आहे. पितरांची चौकशी करायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

आजोबांची ती गोष्ट आपल्या दोघांना तोंडपाठ आहे. गावातून सगळ्यांत आधी निघालेले विठोबा बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरले, विचारत विचारत लालबागला आले, गिरणीत चिकटले, मग सुभद्राआजीला आणलं. गोष्टीचा शेवट ठरलेला. पहिल्या दिवशी तिरफळ घातलेलं बांगड्याचं सार जेवताना त्यांना घरची चव लागली आणि ते भर पंगतीत रडले. इथे आले की आजोबा खरोखर डोळे पुसायचे आणि आपण दोघं एकमेकांना कोपराने ढोसत हसायचो.

परवा मी डब्यांसाठी तेच सार करत होते. तिरफळं ठेचून टाकायला हात उचलला आणि तसाच राहिला. गुणाजी, आजोबा आपल्या गावातून मुंबईला आलेला पहिला माणूस असतील, तर पहिल्याच दिवशी त्यांना तिरफळाचं सार वाढलं कुणी? लालबागला तिरफळाचं झाड नाही. इथल्या कोळणी बांगड्यात ते घालत नाहीत. म्हणजे आपल्याकडचं कुणीतरी त्यांच्या आधीच इथे चूल मांडून बसलं होतं. इतकी वर्षं गोष्ट ऐकली आणि एवढं साधं आपल्याला सुचू नये!

मासळीबाजारात वरळी कोळीवाड्याची शेवंता अजून बसते. ऐंशी ओलांडली, पण कोयता हातातून सोडत नाही. तिची सासू आपल्या घरी मासे द्यायची, हे मला आईकडून माहीत होतं. मी तिच्या पाटीपुढे बसले आणि विचारलं, आजोबा इथे आले तेव्हा आजी गावीच होती ना? ती माशाचं डोकं उडवता उडवता म्हणाली, "कोन आजोबा? माजी सासू सांगायची, सुभद्रा एकटी होती. खानावल चालवायची. तुजा आजा तिच्याकडं जेवाया यायचा." आणि मी पुढचं विचारायला गेले, तर म्हणते, "बांगडं घेतेस का जातेस?"

बांगडे घेतले आणि गावाहून येणारी पोरं उतरायची त्या गावाच्या खोलीवर थेट गेले. तिथे आता पोरं कमी आणि ट्रंका जास्त आहेत. धोंडूकाका खाटेवर बसून पेपर वाचत होते. त्यांच्यापुढे मी शेवंताचं बोलणं ठेवलं. त्यांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं, "तुझो आजो मागसून इलो गो. आधी सुभद्रा. ह्या खोलयेत तिची चूल होती. माझो बापूस तिच्याच हातचा खाऊन वाढलो." मग आजवर कुणी बोललं का नाही? तर म्हणे, "पाटाची गजाल चार माणसांत कशाक काढूची?"

आता नीट ऐक. आजी आजोबांशी लग्न होण्याआधी विधवा झाली होती. मिसरूडही न फुटलेला नवरा तापाने गेला. सासरी ती वर्षभर राबली आणि एके दिवशी भरदुपारी, सगळ्यांच्या देखत, गाठोडं घेऊन बंदराकडे चालू लागली. गाठोड्यात एक लुगडं, तिरफळं आणि पाट्याचा वरवंटा. पाटा उचलता आला नाही म्हणून नुसता वरवंटा! तो माझ्याकडे आहे. मी रोज त्यावर वाटण वाटते आणि तो बोटीतून आला हे मला आत्ता कळतंय. लालबागला तिने खाणावळ घातली. तिच्या मागून गावातले एकेक जण येत गेले, तिच्याकडे जेवत गेले, गॅलरीत पथारी टाकत गेले. त्यातलेच एक विठोबा. ते जेवता जेवता रडले ते तिच्या हातचं खाऊन. मग त्यांनी तिच्याशी पाट लावला, म्हणजे विधवेशी दुसरं लग्न केलं, आणि गावात सांगताना मात्र गोष्ट उलटी केली. नवरा आधी आला, त्याने बायकोला आणलं, असं म्हटलं की कुणी जास्त विचारत नाही.

हे ऐकलं आणि मला माझं लग्न आठवलं. हळद लावायला सगळ्या बायका पुढे, आणि आजी मागच्या चुलीपाशी. आई हाका मारून थकली. "भात करपतलो" एवढंच म्हणत ती तिथेच बसून राहिली. मला वाटलं, म्हातारीला कामाचा सोस. पाटाच्या बाईने मंगलकार्यात पुढे व्हायचं नसतं, हे तिच्या मनात बसलं होतं आणि आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. गुणाजी, जिने अख्ख्या गावाला मुंबई दाखवली, तिने नातीच्या गालाला हळद लावली नाही. मी त्या खोलीत धोंडूकाकांसमोर रडले. आजोबांचाच वारसा, दुसरं काय.

तुझंही मला ठाऊक आहे. ब्याऐंशीच्या संपात तू गिरणीच्या साचाखात्यातून बाहेर पडलास, आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत दीड वर्ष काढलंस आणि ट्रंक खांद्यावर घेऊन गेलास. आजोबांनी मिळवलेली मुंबई मी घालवली, असं तू तेव्हा म्हणालास आणि त्यानंतर इकडे फिरकला नाहीस. माझ्या लेकीच्या लग्नालाही नाही. अरे, गिरण्याच बंद पाडल्या, त्यात तू काय घालवलंस? आमच्या ह्यांचीही नोकरी त्याच संपात गेली. तेव्हा मी डबे सुरू केले, शेजारची राधाबाई भाजी घेऊन बसली, आणि आमची चाळ जगली. मला वाटायचं, आपण काहीतरी नवीन करतोय. कसलं नवीन! त्याच गल्लीत, तोच वरवंटा घेऊन, मी आजीचाच धंदा करत होते. आपल्या घराने मुंबई गिरणीत मिळवली नव्हती, चुलीवर मिळवली होती. ती घालवणं तुझ्या हातात कधी नव्हतंच, तेव्हा ते ओझं आता खाली ठेव.

दसऱ्याला गावाच्या खोलीत पहिल्या आलेल्या माणसाच्या नावाने नारळ फुटतो आणि तो आपल्या घरातल्या कुणीतरी फोडायचा असतो. तू गेल्यापासून धोंडूकाका तुझ्या वतीने विठोबांच्या नावाने फोडतात. मी त्यांना म्हटलं, यंदा नाव बदला. ते कुरकुरले, बाईच्या नावान नारळ कसो म्हणाले. मग मी आणलेल्या बांगड्यांचं सार तिथेच करून वाढलं, आणि पानावरून उठताना ते म्हणाले, "घे सुभद्रेचा नाव." तेव्हा तेही ठरलं.

आता माझं म्हणणं. नारळ मीरा फोडेल. खोलीत तू पाहुण्यासारखा बसून बघायला ये. आणि तिला त्याआधी, येत्या रविवारच्या एस.टी.त बसव. एकटीलाच. पोचवायला कुणी येऊ नका. आजीला कुणी पोचवायला आलं नव्हतं, आणि आपल्या घरची खरी रीत तीच आहे. फक्त आजी उतरली तेव्हा धक्क्यावर तिचं कुणी नव्हतं. मीरा उतरेल तेव्हा परळ डेपोत मी उभी असेन. पहिल्या दिवशी तिला बांगड्याचं सार वाढायचं ठरवलंय, पण माझ्याकडची तिरफळं संपलीत. तिच्या पिशवीत मूठभर घालून दे.

तुझीच हट्टी,
कालिंदीताई